राखून ठेवलेली तार

रुखवतात आलेला मिक्सर सात वर्षं खोक्यातून न काढता कपाटावर ठेवायचा आणि आठव्या वर्षी व्याही जेवायला येणार म्हणून मोठ्या दिमाखात खाली घ्यायचा, ही चूक आता कुठलीच शहाणी बाई करत नाही. तो मिक्सर फिरत नाही. घूं करतो, जरा गरम होतो आणि व्याह्यांसमोर मान टाकतो. त्याला ना गंज असतो, ना ओरखडा. कोराच्या कोरा असतो, आणि तेच त्याचं दुखणं असतं.

तांब्याच्या खाणी रिकाम्या होत आल्या तेव्हा सराववाहक आला. सराववाहक म्हणजे सरावाने वीज वाहणारा पदार्थ. दिसायला काळा, हाताला ओल्या चामड्यासारखा. कारखान्यातून तो पुरता शिकवून पाठवलेला असतो. त्यातून रोज वीज वाहत राहिली तर तो तांब्यालाही लाजवतो. रिकामा बसवून ठेवला, की मात्र विसरायला लागतो. एकदम नाही. आधी कंटाळा करतो, मग चुका करतो, आणि शेवटी वीज म्हणजे काय हेच त्याच्या ध्यानात राहत नाही.

लोकांना हे पचायला वेळ लागला. आपल्याकडे चांगली वस्तू वापरतात थोडीच, ती राखून ठेवतात. पाहुण्यांची गादी, पाहुण्यांचे कप, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी. पण दोन-चार गीझर आणि एका जावयाचा पंखा बंद पडल्यावर घरोघरी शहाणपण आलं. रविवारी सकाळी अर्धा तास घरातली सगळी उपकरणं नुसतीच फिरवायची पद्धत पडली. रिकामा मिक्सर, रिकामं धुलाईयंत्र, उन्हाळ्यात हीटर. त्या अर्ध्या तासात कोणी कोणाशी बोलत नाही, कारण ऐकूच येत नाही. पुष्कळ संसार त्या अर्ध्या तासावर टिकून आहेत म्हणतात.

हे शहाणपण पिंपळमळ्याच्या दूध डेअरीत मात्र पोचलं नव्हतं. तिथे रणधीर खराडे होते.

डेअरीच्या मधोमध काचेच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. कुठली झडप कधी उघडायची, कुठला पंप कधी थांबवायचा, दूध किती तापवायचं, किती गार करायचं, हे सगळं ते कपाट ठरवी. कपाटाला वीज देणाऱ्या तारा दोन. एक कामाची, दुसरी राखीव. पहिली तुटली तर डोळ्याची पापणी लवायच्या आत दुसरीने भार उचलायचा, अशी योजना. डेअरीत पहिलीला थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी, घरातल्या दोन जावांसारखं. थोरली राबून राबून तुळतुळीत झाली होती. धाकटीला खराडेंनी बसवल्या दिवसापासून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून ठेवलं होतं. दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि खणाचा तुकडा. थोरलीला नुसती फुंकर.

कपाटासमोर खुर्च्याही दोन होत्या. पहिलीवर पाळीप्रमुख खराडे बसत. दुसरीवर रेश्मा माळवदे. तिचा हुद्दा होता ‘राखीव चालक’. खराडेंना काही झालं तर डेअरी चालवायची, एवढंच तिचं काम. खराडेंना एकोणीस वर्षांत काही झालं नव्हतं. बायको शनिवारी रात्री वारली, तर सोमवारी सकाळी ते कामावर हजर होते. ताप आला तर कपाळाला ओला रुमाल बांधून बसत. रेश्माने कधी बटणाकडे हात नेला, की म्हणत, “राहू दे माळवदे, मी आहे की.” हे ते मायेनेच म्हणत. त्यामुळे भांडताही येत नसे.

एकोणीस वर्षं नुसतं बसून माणूस करणार काय? रेश्माने कपाटाची माहितीपुस्तिका वाचली. चारशे बारा पानं. आधी अर्थ लागेना, मग लागला, मग पाठ झाली. बाकीच्या बायका दुपारी पोथी लावत, ही ‘प्रकरण सातवे : दोष व त्यांचे निवारण’ लावी. त्यात राखीव पुरवठ्यावर अकरा पानं होती. ती तिला स्वतःबद्दलच लिहिल्यासारखी वाटत.

फाल्गुनात संचालक मंडळाचं पत्र आलं. राखीव चालकाची गरज एकोणीस वर्षांत एकदाही पडली नसल्याने ती खुर्ची पाडव्यानंतर रद्द करण्यात येत आहे, माळवदे यांनी श्रीखंडाची खोकी चिकटवण्याच्या विभागात रुजू व्हावं. खराडेंनी पत्र वाचून चष्मा पुसला आणि म्हणाले, “खोक्यांकडं खिडकी मोठी आहे. वारा चांगला येतो.”

रेश्माने पत्र घडी घालून पुस्तिकेत ठेवलं. त्या खुर्चीवर तिची एकोणीस वर्षं बसली होती आणि एकदाही ती खुर्ची तिने कपाटाजवळ ओढली नव्हती.

त्याच आठवड्यात दुसरं पत्र आलं, ते सुरक्षा तपासनीसांचं. डेअरीच्या कपाटावरचा ‘राखीव पुरवठा : दोष’ हा पिवळा दिवा दिवाळीपासून चालू असल्याची नोंद आपोआप त्यांच्याकडे गेली होती. पाडव्याच्या आत दोष काढा, नाहीतर डेअरी बंद. पाडव्याचं श्रीखंड म्हणजे डेअरीच्या वर्षाचा कणा. संचालक घामाघूम झाले. खराडेंना घाम आला नाही, कारण त्यांना तो दिवा दिसतच नव्हता. त्यावर त्यांनी कॅलेंडर लावलं होतं.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून डॉ. मिहिका देवस्थळी आल्या. सराववाहक ज्यांनी घडवला त्या पथकातल्या. वय तिशीचं, पाठीला पिशवी, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी त्याच्यामागच्या भिंतीवरच्या तारांकडे बघायची सवय. त्यांनी कॅलेंडर उचललं.

“हा दिवा किती दिवस लागलाय?”

“लागलाय म्हणजे दिव्याला वीज येतीय की,” खराडे म्हणाले. “राखीव पुरवठा बंद असता तर दिवा कसा लागला असता?”

“हा दिवा थोरलीवर चालतो साहेब,” रेश्मा म्हणाली. “पान एकशे ऐंशी.”

मिहिकांनी पहिल्यांदाच भिंतीवरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. “काकू, तुम्ही काही तपासलंय?”

“हात लावायची परवानगी नव्हती. पण काय काय तपासायचं ते ठाऊक आहे.”

“मग तपासा. मी बघते.”

रेश्मा उठली. पदर खोचला. आधी तिने मीटर लावला. आकडा चोख आला.

“बघा,” खराडे म्हणाले. “ठणठणीत आहे. उगाच बदनामी पोरीची.”

“मीटर नुसतं ख्यालीखुशाली विचारतो साहेब. कोणीही बरं आहे म्हणणार. काम सांगितल्यावर कळतं.” मग ती मिहिकांकडे वळली. “आता दोष तारेत आहे, की तार ज्यात खोचलीय त्या पुरवठ्यात, ते बघायचं. पलीकडं टाक्या धुवायचं जुनं कपाट आहे, त्याचा पुरवठा चांगला आहे. धाकटीला तिकडं खोचायची. दोष तिच्याबरोबर तिकडं गेला तर दोष तिचा. इथंच राहिला तर जागेचा.”

“जाऊ माहेरी पाठवून बघायची,” मिहिका म्हणाल्या. “भांडण बरोबर गेलं का घरातच राहिलं.”

रेश्मा हसली. धाकटीला तिकडे नेली, तिचं प्लास्टिक काढलं (खराडेंनी तोंड फिरवलं), आणि जुन्या कपाटावरचा पिवळा दिवा लागला. दोष बरोबर गेला होता.

मग तिने एका फळीवर दहा बल्ब लावले आणि ते सगळे धाकटीला जोडले. म्हणजे दहा बल्बांचं ओझं तिच्या डोक्यावर दिलं. धाकटीने ते पेलायला हवं होतं. दहाही बल्ब लागले, पण कसे, तर समईत तेल संपत आल्यासारखे. आतली तार नुसती लाल. चार सेकंदांनी ते लालही गेलं.

“थोरली तुटली असती,” मिहिका हळूच म्हणाल्या, “तर तुमची डेअरी एवढीच जगली असती. चार सेकंद.”

खराडे खुर्चीवर बसले. “नवी कोरी आहे हो ती. एक दिवस वापरली नाही.”

“म्हणूनच साहेब,” मिहिका म्हणाल्या. “हे बघा, रानातून पायवाट असते ना? ती कोणी बांधत नाही. चालून चालून पडते. सराववाहकाच्या आत तसंच आहे. वीज ज्या वाटेने जाते तिथले कण तिला वाट करून देतात. आणि चालणं थांबलं की?”

“गवत उगवतं,” रेश्मा म्हणाली.

“गवत उगवतं. म्हणून पुस्तिकेत लिहिलंय, दर शनिवारी थोरली बंद करून धाकटीवर डेअरी चालवा.”

रेश्माने पुस्तिका आणून ते पान उघडून दाखवलं. त्या ओळीवर लाल शाईची ठसठशीत काट होती आणि शेजारी खराडेंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘नको. झिजेल.’

मिहिकांनी त्या दोन शब्दांवरून बोट फिरवलं. “आमच्या पथकात अकरा शास्त्रज्ञ होते,” त्या म्हणाल्या. “उष्णता, ओल, उंदीर, सगळ्याचा विचार केला होता. हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.”

पाडवा बारा दिवसांवर होता. धाकटीला सराव द्यायचा, तर थोरलीचं थोडं थोडं काम काढून तिला द्यावं लागणार होतं. आणि तपासनीसांच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, जे कोणी वाचलं नव्हतं आणि रेश्माने वाचलं होतं, आणखी एक कलम होतं. ‘राखीव साधन’ याचा अर्थ तार आणि चालक. दोन्हींनी एक अख्खी पाळी पूर्ण भार पेलून दाखवायचा, मुख्य साधन आवाराबाहेर असताना.

“मुख्य साधन म्हणजे?” खराडेंनी विचारलं.

“तुम्ही,” रेश्मा म्हणाली.

म्हणजे बारा दिवसांत दोघींची तयारी. धाकटीला सकाळी दोन तास आणि रेश्माला पहिल्या दिवशी अर्धा तास. तिने पहिल्यांदा खुर्ची कपाटाजवळ ओढली तेव्हा खुर्चीच्या पायांचा फरशीवर असा आवाज झाला, की बाहेर दही घुसळणारी माणसं थांबली. चारशे बारा पानं पाठ होती, पण हात बटणं शोधत होता. पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं, की तिसरं बटण जरा अडकतं आणि डावीकडून दाबावं लागतं. खराडे मागे उभे. इतके जवळ, की त्यांचा श्वास तिच्या अंबाड्याला लागत होता.

“दाब. नको, थांब. दाब. माळवदे, अगं दाब की.”

“साहेब, तुम्ही जरा चहा घेऊन या.”

“मी कामावर असताना चहा घेत नाही.”

“आत्ता तुम्ही कामावर नाही. मी आहे.”

खराडेंना हे वाक्य कळायला वेळ लागला. मग ते चहा घ्यायला गेले आणि परत येईपर्यंत चारदा दारातून डोकावून गेले. पाचव्या दिवशी ते दोन तास बाहेर राहिले. आठव्या दिवशी धाकटीवर दहाही बल्ब पांढरेशुभ्र लागले आणि मिहिकांनी रेश्माला टाळी दिली. खराडेंनीही दिली, पण ती धाकटीला. म्हणजे कपाटाला.

तपासणीच्या दिवशी तपासनीस सकाळी सातला आले. थोरली उपटून बाजूला ठेवली गेली. खराडेंना फाटकाबाहेर नेण्यात आलं. समोरच्या टपरीवर त्यांना बसवलं, पण ते बसेनात. फाटकाला धरून उभे राहिले आणि दर पाच मिनिटांनी फोन करू लागले. रेश्माने फोन पालथा घालून ठेवला.

चार तास सरळ गेले. अकराच्या सुमारास गार पाण्याचं तापमान चढायला लागलं. अर्धा अंश, एक अंश, दीड. दूध तापवून झाल्यावर याच पाण्याने ते गार होतं. ते गार झालं नाही तर दही आंबतं, दही आंबलं तर चक्का, आणि चक्का आंबला तर पाडवा. तपासनीसांनी वहीत काहीतरी लिहिलं. मिहिका पुढे सरसावल्या, पण रेश्माने हात वर केला. ती आकडे वाचत होती. पंप ठीक. बर्फाची टाकी ठीक. पाणी निघतं तेवढं परत येत नाही. म्हणजे मध्ये कुठेतरी कोणीतरी ते पितं आहे. पान दोनशे त्र्याण्णव. तिने पाण्याच्या नळीचा एकेक फाटा बंद करून बघितला. चौथा फाटा बंद केल्यावर तापमान थांबलं.

“चौथ्या फाट्यावर काय आहे?” तपासनीसांनी विचारलं.

“नुसता नळ. भांडी धुवायच्या मोरीत,” रेश्मा म्हणाली आणि शिपाई सूरज लोहारला हाक मारली. तो येईना. ती फाट्याच्या नळाकडे माणूस पाठवणार, एवढ्यात सूरजच आला. ओलाचिंब.

“बाई, पाणी का घालवलं? साहेबांसाठी कलिंगड गार करत होतो. अजून आतून गरम आहे.”

तपासनीसांनी वही मिटली. कलिंगड त्यांनी खाल्लं, त्यातलं बरंचसं उभ्याने. तीनला पाळी संपली. धाकटी आणि रेश्मा दोघी उत्तीर्ण. श्रीखंड वेळेवर गेलं. संचालकांनी खुर्ची रद्द करायचं पत्र मागे घेतलं आणि नवा नियम काढला: यापुढे दोन्ही तारा निम्मं निम्मं काम करतील, आणि दोन्ही चालक निम्मे निम्मे दिवस. राखीव असं कोणी नाही. दोन्ही मुख्य.

फाटक उघडल्यावर खराडे आत आले, कपाटाला एक प्रदक्षिणा घातली, सगळे आकडे पाहिले आणि म्हणाले, “चौथा फाटा मी तिसऱ्यालाच ओळखला असता.” मग थोडं थांबून, “पण ओळखलास हे बरं केलंस.”

रेश्माच्या एकोणीस वर्षांत एवढं कोणी बोललं नव्हतं.

चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे गेले. आठवड्यातले तीन दिवस रेश्मा घरून निघताना भांग नीट पाडू लागली. तिसरं बटण तिच्यासाठी अडकायचं थांबलं. आणि खराडेंनी आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी घेतली. दोन आठवडे. कुठे गेले नाहीत, घरीच होते.

आषाढात मिहिका नेहमीच्या तपासणीला आल्या. बल्बांची फळी जोडली. आधी धाकटी. दहापैकी सहा बल्ब नीट, चार मंद. त्यांनी भुवया उंचावल्या. मग थोरली. जिने दहा वर्षं अख्खी डेअरी डोक्यावर वाहिली होती, तिच्यावरही सहाच.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग जमिनीवर मांडी घालून बसल्या.

“काकू, माझी चूक झाली. एका वाटेवरून रोज शंभर माणसं जातात, वाट स्वच्छ राहते. ती शंभर माणसं दोन वाटांत वाटली तर?”

“दोन्हीवर गवत.”

“थोडं थोडं. एका वाटेला मोकळं राहायला सत्तर तरी पावलं लागतात. तुमच्या कपाटाचं काम तेवढंच आहे हो. त्यात एक तार पूर्ण जगते. दोन अर्ध्या जगतात. पाडव्याला दोघी चांगल्या निघाल्या, कारण धाकटी नुकती शिकली होती आणि थोरली अजून विसरली नव्हती. विसरायला वेळ लागतो.”

“प्रयोगशाळेत हे दिसलं नाही?”

“तिथे आम्ही एकेकीलाच तपासलं होतं. दोन जावा एका घरात नांदवून कोणी बघितलंच नाही.” मग त्या जरा सावरल्या. “तारेचं सोपं आहे. तिला खोटं काम द्यायचं. थोरली डेअरी चालवेल, धाकटीला दिवसभर हे दहा बल्ब जोडून ठेवा. तारेला काय कळतंय, वीज दुधाला गेली का बल्बाला. तिचा सराव झाला म्हणजे झालं.”

रेश्माने मान डोलावली. मिहिका उठल्या नाहीत.

“आणखी एक आहे. कपाट नोंद ठेवतं, माहीत असेल तुम्हाला. धोक्याची घंटा वाजल्यापासून चालकाचा हात बटणावर किती वेळात जातो.”

“पान तीनशे चार.”

“खराडेसाहेबांचा वर्षापूर्वी एक सेकंद होता. आता तीन. तुमचा पाडव्याला दीड होता, आता तोही अडीचवर आलाय. नियमाने निदान एक जण दोन सेकंदांच्या आतला हवा. तपासनीसांनी सोमवारपर्यंत एक नाव मागितलंय. ज्याचं नाव जाईल त्याने रोज बसायचं. दुसऱ्याने...” त्यांनी वाक्य सोडलं. “मी तुम्हालाच विचारायला आले. तुम्ही दोघं आपसात ठरवा.”

“माणसाला बल्ब लावता येत नाहीत का मॅडम?”

“माणसाला कळतं ना काकू, की दूध नाहीये.”

रविवारी सकाळी रेश्मा खराडेंच्या घरी गेली. बसमध्ये तिने मनाशी सगळं जुळवलं होतं. सांगायचं, की साहेब, नाव तुमचंच जाऊ दे. तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मी थांबते, मला थांबायची सवय आहे. हे वाक्य तिने तीनदा घोकलं आणि तिन्हीदा ते शेवटच्या शब्दाशी अडकलं.

दार सुनेने उघडलं. सानवी तिचं नाव. सगळी उपकरणं रविवारच्या सरावाला लावून झाली होती, घर नुकतंच शांत झालं होतं.

“बरं झालं आलात मावशी,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुम्हीच सांगा त्यांना. जेवायला टेबल मिळत नाही आम्हाला. तीन महिने झाले, आम्ही खाली बसून जेवतोय.”

जेवणाच्या टेबलावर कपाट मांडलं होतं. वाट्या, चमचे, खोकल्याच्या बाटलीची बुचं, फुलपात्री. प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी आणि त्यावर वळणदार अक्षर. गार पाणी. दूध पंप. वाफ. तिसऱ्या बटणाच्या जागी डावीकडून टवका उडालेला एक कप होता. खराडे इस्त्रीचा सदरा घालून समोर बसले होते.

“ये माळवदे. बस. बरोबर वेळेला आलीस.” ते जरा ओशाळले, पण लपवलं नाही. “हात विसरू नये म्हणून आपलं. रोज दोन पाळ्या करतो. सानवी घंटा वाजवते.”

“ताट वाजवते,” सानवी म्हणाली.

“बघ आता. दूध तापवायला घेतोय.”

सानवीने स्वयंपाकघरातून ताटावर उलथनं मारलं. खराडेंचा हात सुटला. काय वेग होता त्या हाताला. गार पाण्याची वाटी, बर्फाचं फुलपात्र, मग वाफेचा चमचा आडवा, मग दुधाचा पंप. एक क्षणही न अडखळता. शेवटचं बूच फिरवून त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तिच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता. चेहरा पाळी संपल्यावर असायचा तसा, दमलेला आणि तृप्त.

दूध तापवण्याच्या यंत्रात पत्र्यांच्या मधून आधी दूध फिरायला लागतं, आणि मगच वाफ सोडायची असते. आधी वाफ सोडली तर रिकामे पत्रे नको इतके तापतात, मागून येणारं दूध त्यांना करपून चिकटतं, आणि अख्खी पाळी वाया जाते. खराडेंनी वाफ आधी सोडली होती. चमचा आडवा, मग पंप. टेबलावर काहीच करपलं नव्हतं, आणि डेअरीत दूध तापवताना घंटा वाजेपर्यंत हा क्रम कपाटच सांभाळी, त्यामुळे तिथेही ते उघड झालं नव्हतं. तीन महिने, रोज दोन पाळ्या, त्यांचा हात हीच वाट पक्की करत आला होता.

“दोन सेकंदांच्या आत आलं ना?” त्यांनी विचारलं.

“आत आलं.”

“चुकलं का कुठं? तुझ्याइतकी पानं पाठ नाहीत मला. तू सांग.”

रेश्माने वाफेच्या चमच्याकडे पाहिलं. मग पंपाच्या बुचाकडे. एवढंच सांगायचं होतं. उद्या एक वेळ, परवा दुसरी वेळ, आठ दिवसांत हात वळला असता. एक सेकंदाचा माणूस होता तो.

“नाही साहेब,” ती म्हणाली. “सगळं बरोबर आहे.”

खराडे हसले. एकोणीस वर्षांत त्यांचे दात एवढे कधी दिसले नव्हते. त्यांनी सानवीला चहा टाकायला सांगितलं, आणि कामावर असताना मी चहा घेत नाही, पण आता पाळी संपली, असंही सांगितलं. चहा आला. रेश्माने बशीत ओतून घेतला. मिहिकांचा फोन पिशवीत दोनदा वाजला आणि थांबला.

“मग उद्या येतो सकाळी,” खराडे म्हणाले. “सोमवार ना?”

“या की,” रेश्मा म्हणाली. “पण घाई काय आहे. आणखी आठ-पंधरा दिवस इथंच करा सराव, तोवर रोज मी बसते. छान चाललंय.”

खराडेंनी मान डोलावली, चष्मा पुसला, आणि दुसरी पाळी सुरू करण्यासाठी वाट्या पुन्हा जागेवर मांडायला घेतल्या.